भूल शिकायला तालुक्याला का नको?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात आम्हा एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षाच्या दोन भागांच्या मधे इलेक्टिव्ह असते. आवडीचा विभाग निवडायचा, तिथे राबायचे, लॉगबुक भरायचे. ७५ टक्के हजेरी नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. मी भूलशास्त्र (ॲनेस्थेशिया) घेतले, तेही कॉलेजबाहेर. घरी आईने विचारले, "म्हणजे ऑपरेशन तू नाही करायचंस?" तिचे काय चुकले म्हणा, आमच्याकडेही या विषयाचा वेगळा पेपर नाही, तो सर्जरीच्याच पोटात.

बाहेर म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुणे येते. माझ्याही आले होते. पण मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात जाऊन आलेल्या मैत्रिणीला विचारले. तिने हृदयाच्या शस्त्रक्रियेची भूल पाहिली होती, पण तिथेच शिकणाऱ्या तीन निवासी डॉक्टरांच्या खांद्यांवरून. "रुग्णाच्या तोंडावर श्वासाचा मास्क धरलास का?" यावर ती नुसती हसली. पुढे भूलशास्त्रातच एमडी करायचे नक्की असेल, तर तेही पाहावे. माझे तसे काही ठरलेले नव्हते. मी एसटीने दोन तासांवरच्या उपजिल्हा रुग्णालयाचे नाव दिले. तिथे ऑपरेशनचे एक टेबल, एक भूलतज्ज्ञ. ऑपरेशनचे दिवस ठरलेले, सिझर मात्र कधीही.

तिसऱ्या दिवशी हर्नियाचे एक आजोबा होते. "काही खाल्लंय का?" मी विचारले. "न्हाई, उपाशीच हाय." टेबलावर घेता घेता म्हणाले, फक्त च्या घेतला सकाळी. भूल द्यायला पोट रिकामे लागते आणि दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात जेवणातच धरतात. सहा तास मोजले, केस दुपारवर गेली. तिथले भूलतज्ज्ञ सर चिडले नाहीत. म्हणाले, "खाल्लंय का असं विचारूच नकोस. शेवटचं तोंडात काय घातलं आणि किती वाजता, असं विचार." आता मी प्रत्येकाला तसेच विचारते.

दुपारी आजोबांच्या मणक्यांत स्पायनलची (कमरेखालचा भाग बधिर करायची) सुई काही शिरेना, म्हणून पूर्ण भूल द्यायचे ठरले. मास्क सरांनी माझ्या हातात दिला. कवळी काढलेली, गाल आत गेलेले. मास्कच्या कडेने हवा निसटत होती आणि मास्कला जोडलेली हवेची बॅग दाबली तरी छाती हलत नव्हती. ऑक्सिजन उतरू लागला की मॉनिटरचा टिकटिक आवाज जाड होत जातो, हे मी पुस्तकात वाचले होते. तो आवाज स्वतःच्या हाताखाली ऐकणे वेगळेच. मी घाबरून मास्क आणखी दाबला. सरांनी माझी करंगळी उचलून आजोबांच्या जबड्याच्या कोनामागे नेऊन ठेवली. "मास्क तोंडावर दाबू नकोस, जबडा मास्ककडे उचल." छाती वर आली. आवाज पुन्हा चढला. माझ्या मनगटाचा सांधा दोन दिवस दुखत होता.

भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझरची बाई रात्री रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला पाठवायची, हे ग्रामीण भागात कोणाला नवे नाही. म्हणून तर सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांसाठी भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण काढले. मग विद्यार्थी असतानाच पंधरा दिवस अशा उपजिल्हा रुग्णालयात घालवायला कॉलेजांची हरकत का असावी? नियमावलीत निवडीचे पर्याय वर्षाच्या सुरुवातीला कळावेत अशी अपेक्षा आहे. आमची यादी इलेक्टिव्हच्या चार दिवस आधी नोटीसबोर्डावर लागली आणि तीत सगळे आपल्याच इमारतीतले विभाग. माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. 'असे आधी कोणी मागितले नाही' हे उत्तर मला तीन खोल्यांत मिळाले.

आरोग्य खाते आणि वैद्यकीय शिक्षण खाते ही दोन वेगळी खाती आहेत, मान्य. पण जिथे भूलतज्ज्ञ शिकवायला तयार आहे, अशा उपजिल्हा रुग्णालयांची नावे दोन्ही खात्यांनी मिळून यादीत घालावीत आणि ती यादी वेळेवर लावावी.

मी विभागप्रमुखांच्या तोंडी होकारावर गेले. लेखी परवानगी लॉगबुकला टाचलेली आहे; तिच्यावरची तारीख मी परत आल्यानंतरची आहे.

– एमबीबीएस अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी, मराठवाडा
(कृपया नाव छापू नये.)