निखिल, बॉक्स्टर बघायला जाण्याआधी

कोव्हेंट्री (इंग्लंड), रविवार

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणून केलेली तुझी यादी मिळाली. निसान ३५०झेड, पोर्शे बॉक्स्टर एस, टोयोटा जीटी८६ आणि माझदा एमएक्स-५, बजेट १२,००० पौंड. गाड्या चारही चांगल्या आहेत, पण १२,००० ची गाडी घेऊ नकोस. ९,००० पर्यंतची बघ आणि ३,००० पहिल्या वर्षासाठी हाताशी ठेव. जुनी पोर्शे माझदाच्या भावात मिळाली, तरी तिचे पार्ट पोर्शेच्याच भावात मिळतात.

३५०झेडच्या २८० अश्वशक्तीवर तुझा जीव जडलेला दिसतो. पण ती गाडी दीड टनाच्या वर आहे. बॉक्स्टर २.७ ला २४० अश्वशक्ती आणि वजन १,३०० किलोच्या आसपास. भागाकार कर, टनामागे दोघींचा जोर सारखाच, १८५ च्या आसपास. मग ब्रेक, टायर आणि पेट्रोलवर आणखी दोनशे किलोंचा भार कशाला? जीटी८६ ला २०० अश्वशक्ती आहे, पण ४,००० आरपीएमच्या आसपास तिची ओढ थोडी मंदावते, इंजिन वर फिरवत ठेवावं लागतं. २०१२-१३ च्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम इंजिन खाली उतरवून होतं, म्हणून ते कुणी आणि कसं केलं याचा कागद मागायचाच.

माझं मत बॉक्स्टरला आहे, पण एस नको, साधी २.७ घे. २००४ च्या अखेरीस आलेली ९८७ पिढी बघ. ३.४ लिटरच्या एसमध्ये सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडायची तक्रार जास्त. एकदा ते सुरू झालं की इंजिन ऑइल पितं, टकटक वाजतं, आणि उपाय म्हणजे इंजिन उघडणं. त्या खर्चात दुसरी गाडी येते. २.७ मध्ये हे बरंच कमी.

दुसरं दुखणं इंटरमीजिएट शाफ्टच्या (इंजिनाची फिरक व्हॉल्व्हच्या यंत्रणेपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचं. ते इंजिनाच्या क्लचकडच्या टोकाला बसतं. सीलबंद असलं तरी वर्षांनुवर्षांत आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग मोडतं, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. साधारण २००५ पर्यंतच्या इंजिनांत ते लहान आहे. गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलताना तेही बदलता येतं, म्हणून क्लचच्या पावतीत बेअरिंगची ओळ आहे का ते बघ. २००६ पासूनचं मोठं आणि दणकट आहे, क्वचित जातं, पण इंजिन न उघडता निघत नाही. २००९ पासूनच्या इंजिनांत ते नाहीच, पण त्या गाड्या महाग पडतील.

यात रोड टॅक्सची एक मेख आहे. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदणी झालेल्या गाडीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर असला तरी तिचा टॅक्स एका पायरीवर थांबतो. त्या तारखेनंतरच्या गाडीला बरेच जास्त पैसे भरावे लागतात, आणि तेही दरवर्षी. म्हणून २००६ च्या जानेवारी ते २२ मार्चमध्ये नोंदलेली मोठ्या बेअरिंगची गाडी सापडली, तर तिच्यासाठी लांबचा प्रवास कर.

गाडी बघायच्या आधी इन्शुरन्सचा भाव काढ. कोल्हापूरच्या लायसन्सवर तुला इथे १२ महिनेच चालवता येईल, पुढे इथली परीक्षा द्यावी लागेल. भारतीय लायसन्सवर आणि इथला नो क्लेम बोनस नसताना प्रीमियम भरपूर येतो. आकडा आवाक्याबाहेर गेला तर पहिलं वर्ष एमएक्स-५ काढ. त्यात कमीपणा नाही, ती गाडी चालवायला शिकवते. फक्त मागच्या चाकापुढच्या पट्टीत गंज असतो, तिथे अंगठ्याने दाबून बघ. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर त्याखाली काय आहे ते विचार.

एमओटीचा, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या गाडी-तपासणीचा, इतिहास सरकारी साइटवर नंबर टाकून फुकट दिसतो. पास-नापास एवढंच बघू नकोस, सूचना वाच. ‘गंज’ तीन वर्षं लागोपाठ लिहिला असेल तर मालकाने काही केलेलं नाही. मैलांचा आकडा मधेच घटलाय का तेही पाह. गाडीवर कर्ज शिल्लक आहे का, हे पैसे देऊन तपासून घे.

इंजिन थंड असताना बघायचं, हे फोनवरच सांग. पोहोचल्यावर आधी सायलेन्सरजवळ हात ने. गरम लागला तर गाडी आधीच चालू केलेली आहे. बॉक्स्टरचे सिलिंडर आडवे असल्याने सुरू होताना क्षणभर निळसर धूर येतो, तो चालतो. येतच राहिला तर परत फिर. ताशी ३० मैलांवर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाब. आरपीएम चढतात आणि वेग तेवढा चढत नाही, तर क्लच संपलाय. पुढच्या जाळीत टॉर्च मार. तिथे पाला साचून रेडिएटर कुजतात. सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघ, ओला असेल तर छताच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्यात.

टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि ताजे असतील तर मालकाने गाडीवर पैसे घातलेत. चार टायर चार जातींचे असले तर ऑइलमध्येही काटकसर झाली असणार. शेवटी पोर्शेवरच काम करणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी करून घे, आणि मगच बयाणा दे.

दादा विचारत होता की परत येताना गाडी आणता येईल का. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असली तर भारतात आणता येत नाही, म्हणून तो विषय बंद. पावत्यांचे फोटो पाठव, मी ओळ न ओळ वाचून कळवते.

वहिनीला आणि आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या