वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती उड्डाणतासांच्या हिशेबाने द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि शिरपूर या तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या असल्याने खान्देशातल्या शेतशिवारांना प्रशिक्षणार्थींची छोटी विमाने आता नवी राहिलेली नाहीत. ती चालवायला शिकण्याची ऐपत मात्र त्याच शिवारातल्या फार थोड्या घरांत आहे, आणि त्यांतही मुलीचा नंबर शेवटी लागतो.

राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिली, याचे स्वागतच आहे. परंतु वैमानिकाच्या शिक्षणातला खरा खर्च वर्गातल्या शुल्काचा नसून व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० उड्डाणतासांचा असतो आणि तो सहज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका बहुधा तारण मागतात. रावेर-यावलकडे केळीचा मळा मुलीच्या शिक्षणासाठी गहाण ठेवायचा की नाही, यावर घरात चर्चाही होत नाही. भारतात वैमानिकांपैकी सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत. हे प्रमाण जागतिक सरासरीच्या जवळपास तिप्पट आहे. तेव्हा अडचण मुलींच्या कुवतीची नाही, पैशाची आहे.

म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने यासाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू करावी, अशी माझी विनंती आहे. ती एकरकमी धनादेशाची नसावी (शाल-श्रीफळ आणि छायाचित्रापलीकडे अशा धनादेशांचे पुढे काय होते, हे आपण जाणतोच). आधी वैद्यकीय तपासणी आणि दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम या विषयांच्या परीक्षांचा खर्च द्यावा. त्या उत्तीर्ण झाल्यावर पूर्ण झालेल्या तासांप्रमाणे रक्कम थेट प्रशिक्षण संस्थेकडे भरावी. पावसाळ्यात ढग खाली उतरले किंवा विमान दुरुस्तीला गेले की उड्डाणे थांबतात, पण खोलीभाडे आणि खाणावळीचे बिल थांबत नाही. त्यासाठी निर्वाहभत्ता वेगळा ठेवावा.

झोंटा इंटरनॅशनल ही संस्था १९३८ पासून अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्या नावाने स्त्रियांना विद्यावृत्ती देते, पण ती अवकाश व विमानशास्त्रातील पीएच.डी.साठी आहे. आपल्याकडे मदत त्याच्या कितीतरी आधी पोहोचायला हवी. वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागत आले आहे, म्हणून दहावीच्या निकालाआधीच शाळाशाळांत ही माहिती गेली पाहिजे.

सुरुवात विद्यापीठाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकी एका मुलीने झाली तरी चालेल. नंदुरबारची जागा मात्र अक्कलकुवा-धडगावकडच्या आदिवासी मुलीसाठी राखावी आणि येत्या अर्थसंकल्पातच अधिसभेने त्यासाठी तरतूद करावी.

आपला विश्वासू,
एक पालक, यावल (जि. जळगाव)