हशाच्या जागा

नाशिक,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठवडा होऊन गेला. सतीश शहा २५ ऑक्टोबरला गेले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत त्यांच्यावर अंत्यसंस्कार होताना 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या मालिकेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच मालिकेचे शीर्षकगीत म्हटले, याची चित्रफीत तू पाहिलीस आणि ती तुला खटकली. स्मशानात गाणे सुचणाऱ्या माणसांचे दुःख खरे कसे मानायचे, असे तू विचारले आहेस. पहिल्यांदा पाहताना मलाही अवघडल्यासारखे झाले होते आणि तुझ्या म्हणण्याला होकार देणारे पत्र मी अर्धे लिहूनही ठेवले होते. ते मी फाडून टाकले. असे का केले हे सांगताना पत्र लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाच.

आपल्या हौशी नाटकांतले विनोदी नट काका गेल्याचे तुला फोनवर कळवले होतेच. त्यांची शोकसभा गेल्या रविवारी झाली. ती कोणी भरवली ते लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्या संस्थेचा नाही. आपल्याकडे शोकसभा अशाच होतात. टेबलावर पांढरी चादर, समई, उदबत्ती आणि मधोमध हार घातलेला काकांचा फोटो. फोटो कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा करून घेतला होता. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर. ज्या माणसाचा चेहरा चाळीस वर्षांत कधी दोन क्षण एका जागी ठरला नाही, त्याचा तो चेहरा मला ओळखूच येईना. नऊ जण बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात 'कधीही न भरून निघणारी पोकळी' होती, पण काकांचे एकही वाक्य, एकही भूमिका, एकही लकब नव्हती. दोघे तर म्हणाले की काका वरून हसवत असले तरी आतून फार गंभीर होते. याचा मला मनस्वी राग आला. हसवणे हा जणू त्यांच्या अंगावरचा डाग होता आणि तो मेल्यानंतर तरी पुसून द्यावा, असा त्या बोलण्याचा सूर होता.

मग सगळे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले. माझ्या पुढच्याच रांगेत आपले रंगभूषाकार मामा होते. त्यांचे खांदे हलत होते. वाटले, रडताहेत, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी वळून पाहिले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते ओठ दाबून हसू आवरत होते. मला क्षणात उमगले. आपल्या स्पर्धेच्या नाटकातला दुसऱ्या अंकातला तो प्रवेश तुला आठवतो ना? कार्यालयातल्या साहेबांची शोकसभा, सगळे स्तब्ध उभे, आणि काकांचा तो कारकून मान खाली घालून, एका डोळ्याने घड्याळाकडे पाहत उभा. एक शब्दही न बोलता काका तिथे प्रेक्षागृह डोक्यावर घ्यायला लावत. मामांना तेच आठवले होते आणि मग मलाही तेच आठवले. नऊ भाषणांत जे झाले नाही ते त्या दोन मिनिटांत झाले. काका तिथे आले होते.

घरी येऊन ती चित्रफीत मी पुन्हा पाहिली. त्याच मालिकेतले नट देवेन भोजानी यांनी नंतर लिहिले होते की ही मंडळी जेव्हा जेव्हा भेटत तेव्हा ते गाणे म्हणत, आणि त्या दिवशीही तसेच झाले. ती मालिका २००४ची. म्हणजे वीस वर्षे ज्या माणसाबरोबर भेटीची खूण म्हणून जे गाणे म्हटले, ते शेवटच्या भेटीत म्हटले नसते तरच ती भेट अपुरी राहिली असती. शिवाय ज्या नटाने १९८३च्या 'जाने भी दो यारों'मध्ये अर्धा चित्रपट मेलेल्या माणसाचे काम केले, ज्याचे शव शवपेटीतून निघून रंगमंचावर द्रौपदीच्या साडीत उभे राहते आणि ते पाहून आपण आजही पोट धरून हसतो, त्याच्या चितेजवळ हसू आणि आसू एकमेकांत मिसळले तर त्यात विटंबना कसली? 'गंमत जंमत'मुळे ते आपल्या मराठी माणसालाही घरचेच वाटत आले. तुझे दुःख खरे आहे, तसेच त्या गाणाऱ्यांचेही आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

या निमित्ताने मी बरेच वाचत बसलो. विनोदी नटाला निरोप कसा द्यायचा याची अडचण फार जुनी आहे. फ्रेंच नाटककार आणि नट मोलिएर १६७३ साली गेला. स्वतःच्याच नाटकात, आजारी नसून आजारी असल्याचे मानणाऱ्या माणसाची भूमिका करताना त्याला रंगमंचावरच त्रास झाला, तरी त्याने प्रयोग पुरा केला आणि काही तासांत घरी प्राण सोडला. नट होता म्हणून धर्मपीठाने पवित्र भूमीत दफन नाकारले. बायकोने राजाकडे दाद मागितली, तेव्हा कुठे रात्रीच्या वेळी, समारंभ न करता पुरण्याची परवानगी मिळाली. त्याच्या नाटकवाल्यांनी मात्र त्याला आपल्या रीतीने जपले. त्या शेवटच्या प्रयोगात तो ज्या खुर्चीत बसला होता ती खुर्ची पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेज या नाट्यसंस्थेने आजवर सांभाळली आहे, आणि पुढची दोनशे वर्षे ती भूमिका करणारे नट त्याच खुर्चीत बसत असत. ती खुर्ची कपाटात न ठेवता तिच्यावर बसून नाटक करत राहावे, हे ज्याला सुचले त्याला नाटक कळले होते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाट्यगृहांच्या दर्शनी पाट्यांवरचे दिवे मिनिटभर मंद करण्याची रीत आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये विनोदी नट रॉबिन विल्यम्स गेले तेव्हा तसे झाले. पुढच्याच महिन्यात विनोदी कलाकार जोन रिव्हर्स गेल्या, तेव्हा निर्मात्यांच्या संघटनेने त्या निकषांत बसत नाहीत म्हणून आधी नकार दिला. लोक रागावले, काही नाट्यगृहांच्या मालकांनी आपण होऊन दिवे मंद करायचे ठरवले आणि शेवटी संघटनेलाही नमते घ्यावे लागले. निकष लावून माया मोजता येत नाही, हे त्या चार दिवसांत तिथल्या लोकांनीच दाखवून दिले.

आपल्याकडे आठव १९९८ साल. २८ फेब्रुवारीला राजा गोसावी गेले, तेही पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, प्रयोगाआधी रंगपटात तोंडाला रंग लावत असताना. त्यानंतर पंधरा दिवसांत, १४ मार्चला, दादा कोंडके गेले. राजा गोसावी एके काळी भानुविलास चित्रपटगृहाच्या खिडकीत बसून तिकिटे विकत आणि १९५२ साली 'लाखाची गोष्ट' आला तेव्हा स्वतः नायक असलेल्या चित्रपटाची तिकिटेही त्यांनी त्याच खिडकीतून दिली. काका ही गोष्ट सांगताना खिडकीतून हात बाहेर काढून सुटे पैसे मोजून देण्याचा अभिनय करत, तो तू पाहिला आहेस. त्यांनी राजाभाऊंना वाहिलेली श्रद्धांजली म्हणजे ती नक्कल. नक्कल हा शब्द आपण हलका करून टाकला आहे. एका नटाने दुसऱ्याला त्याहून मोठे काय द्यावे?

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे मात्र मला आजही लागून राहते. १६ डिसेंबर २००४ला ते गेले तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. जब्बार पटेल यांनी १९९२ साली 'एक होता विदूषक' केला, पु. ल. देशपांडे यांनी तो लिहिला आणि लक्ष्मीकांतने त्यात तमाशातल्या सोंगाड्याची, पुढे मोठा नट होणाऱ्या आबुरावची भूमिका केली. सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या त्या माणसाची मुलगी मात्र हसत नाही, आणि तिला हसवण्यासाठी तो जिवाचे रान करतो. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आपण प्रेक्षक फिरकलो नाही. आपल्याला त्याच्याकडून 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी' हवे होते. ते हवे असण्यात काहीच गैर नव्हते, तेही अस्सल काम आहे. परंतु तो गेल्यानंतर त्याच्या गंभीर भूमिकेचे गोडवे गाणाऱ्यांत मी होतो आणि चित्रपटगृहात जाणाऱ्यांत नव्हतो, हे मला तुझ्यापाशी कबूल केले पाहिजे.

पुरस्कारांचे सांगायचे तर दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ला याच नाशकात गेले, म्हणून त्यांच्या नावाच्या पुरस्काराची यादी मी जरा आपलेपणाने वाचतो. १९६९पासूनच्या त्या यादीत नायक आहेत, नायिका आहेत, प्राणसाहेब आहेत. पृथ्वीराज कपूर आणि विनोद खन्ना यांना तर तो मरणोत्तर मिळाला. परंतु ज्याची ओळख प्रामुख्याने विनोदी नट म्हणूनच आहे असा एकही माणूस मला त्यात दिसला नाही. फिल्मफेअरने विनोदी भूमिकेसाठी वेगळे पारितोषिक ठेवले होते, १९६७ साली पहिले मेहमूदला दिले. २००७नंतर तेही बंद पडले. विनोदी नट जसपाल भट्टी २०१२ साली २५ ऑक्टोबरलाच अपघातात गेले आणि तीन महिन्यांनी त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. मरणोत्तर सन्मानाला मी नावे ठेवत नाही, घरच्यांना त्याचा आधार असतो. पण अशोक सराफ यांना महाराष्ट्रभूषण जाहीर झाला त्या दिवशी काका गुडघे धरून दाराशी उभे होते आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दूधवाल्यालाही, पेढा देत होते. 'आपल्या धंद्याला मिळालाय' असे प्रत्येकाला सांगत होते. आयुष्यभर त्यांनी नोकरी सांभाळून हौशी नाटके केली, नटाचे मानधन म्हणून हाती फारसे काही पडले नाही, आणि तरी तो धंदा त्यांचा होता.

तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस की आता संगणकाने गेलेल्या नटाचा चेहरा आणि आवाज पुन्हा उभा करता येतो, मग तीच खरी श्रद्धांजली का नसावी. रॉबिन विल्यम्स यांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. आपले नाव, छायाचित्र आणि चेहरेपट्टी मृत्यूनंतर पंचवीस वर्षे, म्हणजे २०३९पर्यंत, कोणी धंद्यासाठी वापरू नये अशी तजवीज त्यांनी करून ठेवली. मला त्यांचे पटते. चेहरा आणता येईल, आवाजही आणता येईल, पण विनोदी नट समोरच्या माणसांचे ऐकून काम करत असतो, आणि ते ऐकणे कुठून आणायचे? हे मी आता नुसते मत म्हणून सांगत नाही, माझ्यापुढे त्याचा कागदोपत्री पुरावा आहे.

शोकसभेनंतर मामा मला घरी घेऊन गेले आणि त्यांनी काकांच्या रंगपेटीतून त्या नाटकाची संहिता काढून दिली. सायक्लोस्टाइल केलेली, खाकी कव्हर घातलेली, दोऱ्याने शिवलेली, पानांना अजून मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास. काकांनी शिसपेन्सिलीने समासात बारीक गोल काढले आहेत. एक गोल म्हणजे खसखस, दोन गोल म्हणजे हशा, तीन गोल म्हणजे थांबायचे. तीन गोलांपुढे बहुतेक ठिकाणी 'बसू दे' असे लिहिले आहे, म्हणजे हशा खाली बसू दे, मग पुढचे वाक्य टाक. त्याखाली गावे आहेत. एका वाक्यापुढे 'येवला दोनदा, सिन्नर नाही'. दुसऱ्यापुढे, इथल्या साईखेडकर नाट्यगृहाबद्दल, 'साईखेडकरला बाल्कनी आधी हसते, खालचे मागून, दोघांना वेळ देणे'. एका ठिकाणी हशाचा गोल खोडून 'माझी घाई' एवढेच लिहिले आहे आणि तारीख घातली आहे. सत्तावीस प्रयोगांत त्यांनी कुठल्या गावात कोण कधी हसले याची नोंद ठेवली होती आणि आपल्यापैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. आपण म्हणत आलो की काकांना ते उपजत येत असे.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे की वेगळी स्मृतिसभा घ्यायची नाही, तेच नाटक पुन्हा करायचे. काकांचा कारकून मामांचा मुलगा करील. तालमी त्याच प्रतीवरून सुरू झाल्या आहेत आणि तो मुलगा काकांची नक्कल न करता त्यांच्या थांबण्याच्या जागा शिकतो आहे, हे पाहताना मला फार बरे वाटते. साईखेडकरची तारीख मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. फेब्रुवारीत मिळाली तर ठीक, नाहीतर कालिदासला विचारू, जरी तिथले प्रेक्षागृह या नाटकाला मोठे पडते. फोटो ठेवायचाच झाला तर मामांनी रंगपटात काढलेला ठेवू, ज्यात काकांची एक मिशी लावून झाली आहे आणि दुसरी बोटावर आहे.

एका जागी आमची गाडी अडली आहे. पान ३१, शोकसभेचा तोच प्रवेश. तिथे संहितेत फक्त 'सर्व स्तब्ध उभे राहतात' एवढेच छापले आहे. काकांनी समासात तीन गोल काढले आहेत, पण पुढे 'बसू दे' नाही. त्याऐवजी तुझे नाव लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. मुलगा घड्याळाकडे बघतो, मान खाली घालतो, सगळे जसेच्या तसे करतो, आणि तालमीत कोणीही हसत नाही. त्या वेळी काकांच्या उजव्या हाताला तू उभा असायचास. तू तिथे नेमके काय करत होतास, ते आठवून सविस्तर लिहून पाठव. आणि रजा मिळत असेल तर पत्र न पाठवता थेट तालमीलाच ये.

तुझा,
मित्र