डिस्चार्ज कागदावरचं ‘नॉर्मल डायट’ म्हणजे नेमकं काय ओ?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा पोटाच्या विषयावर आहे, खरं सांगायचं तर संडासच्या, त्यामुळे सकाळी चहासोबत पेपर वाचणाऱ्यांनी आधी चहा संपवून घ्यावा ही विनंती. माझं नाव छापू नका, इथं सोलापुरात कंबर तलावावर सकाळी फिरायला आमची आठ-दहा जणांची टोळी असते, ते वर्षभर चिडवतील.

मी एसटीतनं रिटायर झालेला कंडक्टर. जन्मभर बस सुटायच्या आत पोट साफ झालं तर झालं, नाहीतर स्टँड येईपर्यंत दाबून धरायचं, आमच्या धंद्यात पोटाची वाट लागलेलीच असते. यंदा उन्हाळ्यात दोन-तीनदा रक्त पडलं. मूळव्याध असेल म्हणून महिनाभर अंगावर काढलं, शेवटी पोरानं ओढत डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले वय बघता मागनं दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघून घेऊ, म्हणजे कोलोनोस्कोपी. हे चांगलंच झालं, आधीच सांगतो, कारण आत दोन छोटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले मांसाचे कोंब, निघाले, तिथल्या तिथं काढले, तपासणीत कॅन्सर नाही आलं. तेव्हा कुणी माझं पत्र वाचून तपासणी टाळू नका. माझी तक्रार तपासणीबद्दल नाहीच, ती झाल्यानंतरच्या पाच आठवड्यांबद्दल आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं धुवायला पावडर देतात, दोन लिटर पाण्यात कालवून ग्लास ग्लास प्यायची, चव म्हणजे लिंबू सरबतात कुणीतरी साखरेच्या जागी मीठ टाकल्यासारखी. पहिले दोन ग्लास जातात, पाचव्या ग्लासला डोळ्यात पाणी येतं. आणि आमच्या भागात नळाला पाणी येऊन तीन दिवस झालेले. सोलापूरकराला जास्त सांगायला नको. संध्याकाळी सहा ते रात्री बारापर्यंत मी सतरा वेळा गेलो (सवयच आहे मोजायची, तिकिटं मोजली जन्मभर) आणि प्रत्येक खेपेला बायको बॅरलमधल्या पाण्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. शेवटी शेजाऱ्यांकडनं चार घागरी आणल्या. ज्यांची तपासणी ठरलीय त्यांनी डॉक्टरला तारीख विचारायच्या आधी नळाचा दिवस बघावा, हा माझा फुकटचा सल्ला.

आता मुद्दा. जाण्याआधी हॉस्पिटलनं पान भरून सूचना दिलेल्या, बिया असलेली फळं नको, पालेभाजी नको, भाकरी नको, लोहाच्या गोळ्या बंद, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, सगळं व्यवस्थित. आणि घरी सोडताना? कागदावर इंग्रजीत एक ओळ. नॉर्मल डायट. बास. पुढच्या वेळी मी हे त्याच डॉक्टरांना बोललो तर ते म्हणाले, अहो तुम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं की. सांगितलं असेल, डॉक्टर खोटं बोलत नाहीत, पण मला त्यातला एक शब्द आठवत नाही. नंतर कळलं की तपासणीआधी जे गुंगीचं इंजेक्शन देतात त्यानं माणूस शुद्धीवर येऊन बोलतो, मान हलवतो, हो हो म्हणतो आणि पुढच्या तासाभरातलं सगळं पुसून जातं. मी म्हणे डॉक्टरांना थँक्यू पण म्हणालो आणि तुळजापूरची बस किती वाजता आहे तेही सांगितलं. बायको त्या वेळी खाली बिलाच्या रांगेत, पोरगा गाडी काढायला गेलेला. म्हणजे ज्याला काही आठवणार नाही त्यालाच सगळं सांगितलं आणि ज्यांना आठवलं असतं ते खाली.

आणि नॉर्मल डायट. सोलापुरात नॉर्मल म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या छापील कागदाला काय माहीत. दोन दिवसाचा उपाशी माणूस घरी आला, बहीण मंगळवेढ्याहून आलेली, येताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊनच आली. आमच्याकडे हेच नॉर्मल. चटणीवर तेल ओतून दोन भाकऱ्या, वर कांदा, मग दुधाचा चहा. रात्री अकराला पोट असं फुगलं की लुंगी सैल करून आडवा पडलो तरी श्वास घेता येईना, डाव्या कुशीला वळलं की गॅस गुडगुड करत एकीकडनं दुसरीकडे जायचा, जणू पोटात कुणी ट्रंक ओढतंय. बायको घाबरली, आतडं फाटलं म्हणून रडायला लागली. पहाटे चारला गॅस सुटला आणि झोप लागली.

पुढे दोन दिवस संडास नाही. मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानं पोट साफ व्हायचं चूर्ण दिलं, सोनामुखीचं. घेतलं. मग सुरू झालं ते थांबेना, ते थांबवायला गोळी, मग परत कोंडलं, परत चूर्ण. मध्येच जळजळ म्हणून ती पांढरी पातळ अँटासिडची बाटली दिवसातनं तीन-चारदा तोंडाला. असे पाच आठवडे गेले ओ. लग्नकार्याला जायची भीती, होम मैदानावर फिरायचं तर आधी संडास कुठं ते बघायचं, चार किलो वजन उतरलं. फिरायच्या टोळीतला एकजण म्हणाला, बे, नळी घातली तेव्हाच आत काहीतरी बिघाड केला असणार, केस टाक.

केस टाकायच्या आधी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो, जे अजून शंभर रुपयात बघतात. त्यांनी सगळ्या बाटल्या-गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि चिठ्ठीच्या मागे पेनानं मोठ्या आतड्याचं चित्र काढलं, उलट्या यू सारखं, साधारण दीड मीटर लांब असतं म्हणाले. मग समजावलं ते असं. दुर्बीण नीट पुढे सरकावी म्हणून आत हवा भरतात, तीच पहिल्या दिवशी दुखवते. काही ठिकाणी साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो अंगात लवकर शोषला जातो, दुखणं कमी होतं, पुढच्या वेळी विचारून घ्या म्हणाले. दोन-तीन दिवस संडास न होणं म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे, आतडं रिकामं आहे तर येणार काय? रिकाम्या गोदामाला तुम्ही माल पाठवायला नोटीस दिलीत, हे त्यांचं वाक्य. त्या पावडरीनं चांगले जंतूपण धुवून निघतात, बहुतेकांचे दोन ते चार आठवड्यात आपोआप परत जमतात, तोवर काही जणांना दूध बाधतं, गॅस होतो, पोट कधी सैल कधी घट्ट. आणि मग ती पांढरी बाटली उचलून मागचं बारीक अक्षर दाखवलं. मॅग्नेशियम. त्यानं पोट पातळ होतंच म्हणाले. म्हणजे पाच आठवड्यातले निदान तीन मी स्वतःच तयार केलेले. एकतर चूर्णानं ढकलत होतो आणि वरनं बाटलीनं.

चूर्ण बंद, बाटली बंद, दूध पंधरा दिवस बंद. ताक-भात, मऊ मुगाची खिचडी, केळं, ज्वारीची आंबील, पाणी भरपूर, पातळ होतंय तोवर ओआरएस. भाकरी मऊ, ताकात कुस्करून, शेंगा चटणी नंतर आणि तीही चमचाभर. बारा दिवसात पोट जाग्यावर आलं. त्यांनी हेही बजावलं की महिना उलटूनही असंच चाललं तर सगळं दुर्बिणीच्या नावावर खपवू नका, परत दाखवा, कारण कधी कधी आतड्याचा जुना त्रास आधीपासूनच असतो आणि दुर्बिणीचं निमित्त होतं. तपासणी नॉर्मल आली म्हणजे तो नाहीच असंही नसतं.

आणि एक गोष्ट जी मला पहिल्या रात्री माहीत असायला हवी होती. गॅस सुटल्यावर दुखणं हलकं होत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण दुखणं वाढतच चाललं, पोट दगडासारखं कडक झालं, ताप, उलट्या, चक्कर, काळी शी किंवा रक्त थांबेना तर सकाळची वाट बघायची नाही, रिक्षा करून सरळ हॉस्पिटल. आतडं फाटणं हजारात एखाद्याला, त्याहूनही कमी, पण होतं. पॉलिप काढलेल्यांना तर रक्त पंधरा दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतं. मला आठव्या दिवशी दोन थेंब दिसले तेव्हा कुणाला विचारायचं हेच कळत नव्हतं, कारण कागदावर फोन नंबर होता तो अपॉइंटमेंटचा, आणि तो दुपारी दोन ते पाच बंद.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच. आपल्या गावातल्या सगळ्या हॉस्पिटलांनी, मोठ्या असो छोट्या असो, दुर्बिणीच्या पेशंटला घरी सोडताना अर्ध पान द्यावं. मराठीत, आणि मागच्या बाजूला कन्नड, तेलुगू, उर्दूत, कारण अशोक चौकातल्या विणकराच्या घरात मराठी बोलणारा सापडेल पण आजीला कागद वाचून दाखवायचा तर तेलुगूतच हवा. पहिले तीन दिवस काय खायचं, संडास कधी होईल, काय झालं तर धावत यायचं, रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा. आणि हा कागद पेशंटच्या नव्हे, सोबतच्या माणसाच्या हातात द्यावा, त्याला समोर बसवून. झेरॉक्सचा दोन रुपये खर्च आहे. पेशंटकडनं घ्या पाहिजे तर.

मला परत पाच वर्षांनी बोलावलंय. त्या वेळी बिलाच्या रांगेत पोरगा उभा राहील, बायको डॉक्टरांसमोर वही घेऊन बसेल, आणि बहिणीला मंगळवेढ्याहून दुसऱ्या आठवड्यात या म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, जुळे सोलापूर