सिंगर अर्ध्यावर सोडू नकोस

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

तत्त्वज्ञ पीटर सिंगरचं नाव निघालं की वर्गात भांडणं जुंपतात, असं तू कळवलंस. जुंपणारच. पण तू त्याचं पुस्तक मिटून ठेवलंस, ते मला आवडलं नाही.

सुरुवात १९७१ पासून कर. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित जीव मुठीत धरून भारतात येत होते. त्यांची उपासमार पाहून पंचविशीतल्या या ऑस्ट्रेलियन तरुणाने एक निबंध लिहिला. तो पुढच्या वर्षी छापून आला. त्यातला प्रश्न साधा आहे: उथळ तळ्यात मूल बुडतंय, उतरलात तर कपडे चिखलाने भरतील. उतराल ना? मग तेच मूल हजार मैलांवर भुकेने मरत असेल, तर अंतरामुळे काय बदललं? आपल्याकडे दान केलं की पुण्य लागतं. सिंगरच्या हिशेबात देणाऱ्याला पुण्य नाही, न देणाऱ्याला मात्र दोष आहे. इतकी वर्षं मी या युक्तिवादातली फट शोधतेय, मला सापडलेली नाही.

प्राण्यांबद्दलचं पुस्तक १९७५ चं. जो जीव दुःख भोगू शकतो त्याचं दुःख मोजलंच पाहिजे, तो कोणत्या प्राणिजातीचा हे गौण, असं त्यात तो म्हणतो. माणूस आणि कोंबडी यांना सारखं वागवा असं तो म्हणत नाही; सारख्या दुःखाला सारखं वजन द्या, एवढंच म्हणतो.

खरा वाद त्यापुढचा. नवजात बाळाला स्वतःची जाणीव नसते, म्हणून बाळ गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलं तर त्याचं आयुष्य संपवण्याचा निर्णय काही परिस्थितींत आईवडिलांना घेता यावा, असं त्याने लिहिलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याला नेमलं तेव्हा व्हीलचेअरवरून आलेल्या लोकांनी निदर्शनं केली. काहींनी त्याला नाझी म्हटलं. ज्याचे चारांतले तीन आजी-आजोबा नाझींच्या अत्याचारात गेले, त्याला असं म्हणणं अन्यायाचं आहे आणि तसं म्हटल्याने त्याच्या युक्तिवादाला उत्तरही मिळत नाही.

उत्तर दिलं हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन यांनी. जन्मापासून स्नायूंचा आजार, व्हीलचेअर, पेशाने वकील. २००२ मध्ये त्या प्रिन्स्टनला गेल्या, सिंगरसमोर बसून वाद घातला आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. अपंगत्व आहे की नाही, यावरून कुणाचं जगणं सुखाचं की दुःखाचं हे ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा.

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, तेव्हा मी तटस्थ नाही. पाहुणे येतात, ‘बिचारी’ म्हणतात आणि जातात. त्या मुलांची भांडणं, हट्ट, मधल्या सुट्टीतला दंगा त्यांना दिसत नाही. सिंगरही इथेच चुकतो असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येकाचं दुःख मोजा, हा त्याचाच नियम. पण इथे तो भोगणाऱ्याला न विचारता बाहेरून अंदाज बांधतो. त्याला खोडायचं तर त्याच्याच नियमाने खोडता येतं, आणि त्यासाठी आधी तो नीट समजावा लागतो.

म्हणून तो १९७२ चा निबंध आणि जॉन्सनबाईंचा लेख लागोपाठ वाच. तळ्याच्या दाखल्यात तुला फट सापडली तर लगेच लिही, फोनची वाट पाहू नकोस.

तुझी,
आई