वळिवड्याची अर्धी गोष्ट: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: वळिवड्याच्या पोलिश स्मृतिसंग्रहालयात सैन्यात भरती झालेल्या पोलिश स्त्रियांना जागा मिळण्याबाबत

महोदय, स.न.वि.वि.

कोल्हापुरात पोलिश छावणीचा विषय निघाला की आम्ही सगळे एकच गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून पाचेक हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका-मुलं, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले, आम्ही त्यांना आसरा दिला, 1948 पर्यंत ते इथे नांदले. 2024 मध्ये पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, या आसऱ्याची आठवण म्हणून असलेल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं, तेव्हाही सगळीकडे हाच सूर होता. गोष्ट खरी आहे, पण तिच्यात कर्ते आम्ही आणि त्या बायका नुसत्या बिचाऱ्या. ते काही पटत नाही.

या कुटुंबांना फेब्रुवारी 1940 पासून सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. जुलै 1941 मध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात सिकोर्स्की-मायस्की करार झाला, त्यानंतर कैदेतले पोल सुटले आणि पोलिश जनरल आंडर्स यांनी रशियातल्या बुझुलुक इथे पोलिश सैन्य उभारायला घेतलं. लाकूडतोडीच्या वसाहतींतून, कोलखोजांतून म्हणजे सामूहिक शेतांवरून पोलिश बायका तिथे पोचू लागल्या. त्यांच्यासाठी स्त्रियांचं साहाय्यक सेवादल निघालं. व्वादिस्वावा पिएखोव्स्का त्याच्या पहिल्या प्रमुख. देशप्रेम होतंच, पण पोटाची खळगी आणि रशियातून बाहेर पडण्याची वाट, हेही भरतीमागे होतं. सैन्याबरोबर गेलं तरच सुटका, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. गणवेश मिळाले ते ब्रिटिश पुरुषांच्या मापाचे: बाह्या दुमडलेल्या, बुटात पाय डुगडुगणारे, डोक्याचे केस टायफसपायी उतरवलेले.

1942 मध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे 1 लाख 15 हजार पोल इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तिथून घरं फुटली. भरती झालेली थोरली मुलगी इराक, पॅलेस्टाईनच्या दिशेने आणि धाकट्या भावंडांना घेऊन आई कराचीमार्गे भारतात, अशी कित्येक घरं. वयात न बसणाऱ्या मुलींसाठी सैन्याने नाझरेथला शाळा काढली.

पुढे सैन्यातल्या या बायका इटलीच्या आघाडीवर गेल्या. कुणी इस्पितळात, कुणी सिग्नलवर, कुणी कॅन्टीनमध्ये. माझ्या मते खरी नवलाई 316 आणि 317 क्रमांकाच्या वाहतूक कंपन्यांची. तिथे ट्रक चालवणाऱ्या बायकाच. डोंगरी रस्त्यांवरून दारूगोळा आणि रसद पोचवायची, चाक पंक्चर झालं तर आपणच बदलायचं, ऑइल आपणच बघायचं. 18 मे 1944 ला पोलिश सैन्याने जर्मनांकडून मॉन्टे कॅसिनोचा डोंगर घेतला, ते अशा रसदेच्या जोरावर. त्याच सैन्याने पाळलेल्या वोयटेक नावाच्या अस्वलाची गोष्ट आज इंटरनेटवर शाळकरी पोरांनाही पाठ आहे. या ट्रकवाल्या बायकांबद्दल मात्र विचारून बघा!

आणि हे आपल्याला परकं कसं? त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. रायगडचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्ध संपलं तेव्हा याल्टा परिषदेतल्या वाटणीत या पोलिश कुटुंबांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. परतायचं कुठे? ब्रिटनने 1947 मध्ये पोलिश सैनिकांना तिथे स्थायिक होऊ देणारा पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि वळिवड्यातली बरीच कुटुंबं सैन्यातल्या आपल्या माणसांकडे तिकडेच गेली. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आज ते गांधीनगर. तिथे कापड घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

म्हणून विनंती अशी. संग्रहालयात छावणीतली शाळा, चर्च, स्काउट यांच्याबरोबर एक स्वतंत्र दालन या सैनिक स्त्रियांचं असावं. लंडनच्या सिकोर्स्की या पोलिश संग्रहालयाकडे आणि पोलिश दूतावासाकडे छायाचित्रं आणि कागदपत्रांच्या प्रती रीतसर मागाव्यात. वळिवड्याच्या कुटुंबांपैकी कोणाच्या मुली, बहिणी गणवेशात होत्या, याची यादी त्यातून लावता येईल. वळिवडे, गांधीनगर आणि कोल्हापुरात छावणी पाहिलेली मोजकीच माणसं आता उरली आहेत. त्यांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण संग्रहालयाच्या इमारतीच्या निविदेसाठी थांबवू नये. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला पत्र गेलं तर हे काम याच सत्रात सुरू होऊ शकतं.

कळावे,
आपला,
कोल्हापुरातील एक निवृत्त इतिहास शिक्षक