पक्या, तो सॉल्व्हर आधी काढून टाक

प्रिय पक्या,

काल फोनवर तू गाडी चालवत होतास म्हणून नीट बोलता आलं नाही, आणि रात्री तुझी ती फाइल उघडून बघितली तर माझी झोपच उडाली, म्हणून आता हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस. फ्रेमचा, म्हणजे बीम-खांबांच्या सांगाड्याचं गणित करणारा तुझा प्रोग्राम झकास झालाय रे, इनपुट वाचणं, एकेका मेंबरची (सांगाड्यातल्या दांड्याची) स्टिफनेस म्हणजे ताठरपणा मोठ्या मॅट्रिक्समध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) जोडत जाणं, सगळं एकदम स्वच्छ. पण शेवटी समीकरणं सोडवायला सॉल्व्हर म्हणून जे घरचं गाउस एलिमिनेशन (एकेक अज्ञात उडवत जायची पद्धत) टाकलंयस ना, ते काढ.

तू म्हणशील पिव्होटिंग (ज्याने भागायचं तो आकडा, म्हणजे पिव्होट, मोठा यावा म्हणून ओळींची अदलाबदल) नाहीये म्हणून ओरडतोय. नाही. सपोर्ट नीट दिलेले असतील तर स्टिफनेस मॅट्रिक्स सिमेट्रिक पॉझिटिव्ह डेफिनिट (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी, आणि जिचे पिव्होट शून्याच्या वरच येतात अशी) असते आणि पिव्होट न करताही भागतं, ते मला माहितीये. माझा राग त्या एका ओळीवर आहे, जिथे तू लिहिलंयस की पिव्होट शून्य आला तर त्याच्या जागी १० चा उणे १० वा घात टाक आणि पुढे जा. अरे बाबा! पिव्होट शून्य येतोय म्हणजे स्ट्रक्चर बोंबलून सांगतंय की मला कुठेतरी आधार नाही, आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबतोयस. मी मुद्दाम तुझ्याच उदाहरणात ७ नंबरच्या नोडचा (सांध्याचा) सपोर्ट काढून चालवलं. प्रोग्राम हूं की चूं न करता संपला आणि बीमचं डिफ्लेक्शन (वाकणं) किलोमीटरमध्ये आलं. ते निदान दिसतं तरी, पण एखाद्या दिवशी असं काही येईल की आकडा बरा दिसेल आणि चुकीचा असेल, तेव्हा काय करणार?

तर तू विचारलंस की मी कुठलं रूटीन (एकच काम करणारा तयार कोडचा तुकडा) वापरतो आणि पेनड्राइव्हवर देतो का. देणार नाही. का ते सांगतो, पण त्याआधी ते मूळ कुठून येतं ते ऐक, कारण मला ही गोष्टच फार आवडते.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिकागोजवळ अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत काही लोकांनी आयगेनव्हॅल्यूसाठी (मॅट्रिक्सचे खास आकडे काढायला) आइसपॅक नावाचं रूटीन्सचं पॅकेज केलं, मग रेषीय समीकरणांसाठी लिनपॅक, त्याचं युजर्स गाइड १९७९ चं. लिहिणारे चौघे, डोंगारा, बंच, मोलर आणि स्टुअर्ट. (यातला मोलर म्हणजे ज्याने विद्यार्थ्यांना फोर्ट्रान (गणिताची जुनी प्रोग्रामिंग भाषा) न लिहिता ही रूटीन्स वापरता यावीत म्हणून मॅटलॅब सुरू केलं तोच.) कोड उत्तम, पण मिळवायचा कसा? मॅग्नेटिक टेप मागवायची, तिचे नि हाताळणीचे पैसे भरायचे, पोस्टाने यायची वाट बघायची. अख्ख्या पॅकेजसाठी हे ठीक आहे, पण तुला शंभर ओळींचं एकच रूटीन हवं असेल तर त्यासाठी टेप कोण पाठवणार आणि कोण मागवणार.

मग १९८५ च्या सुमारास जॅक डोंगारा आणि बेल लॅब्जमधला एरिक ग्रॉस यांनी नेटलिब नावाची एक भन्नाट सोय केली. वेब नाही, ब्राउझर नाही, फक्त ईमेल. तू ठरलेल्या पत्त्यावर एका ओळीची मेल टाकायची, सेंड इंडेक्स, की यादी परत. मग सेंड डीजीईसीओ फ्रॉम लिनपॅक (डीजीईसीओ हे त्यातलं एक रूटीन), की कोड परत. पलीकडे माणूस नाहीच, प्रोग्रामच मेल वाचतो आणि उत्तर देतो, त्यामुळे तू कोण, कुठल्या कॉलेजचा, मोठा प्रोफेसर की पहिल्या वर्षाचा पोरगा, कोणी विचारत नाही. आणि सगळ्यात गोड भाग म्हणजे डीजीईसीओ मागितलं की ते एकटं येत नाही, ते ज्याला बोलावतं ते डीजीईएफए आणि त्याच्याही खालची ती डीएएक्सपीवाय वगैरे बारकी रूटीन्स, सगळी आपोआप सोबत यायची, लग्नाच्या पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार लिहितात ना तसं. ती बारकी मंडळी तुझ्याकडे आधीच असतील तर 'बट नॉट' लिहून वगळायची पण सोय होती. आपण आज एखादं पॅकेज इन्स्टॉल करतो आणि त्याच्या मागे दहा पॅकेजेस धावत येतात, ते काम या लोकांनी तेव्हा मेलवर केलं होतं. डोंगाराला पुढे २०२१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, ते अर्थात लिनपॅक आणि त्यानंतरचं लॅपॅक अशा कामाबद्दल, पण माझ्या मते ही मेलची सोयसुद्धा त्याच तोलाची आहे.

आणि फुकट असलं तरी गॅरंटी नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगून टाकलं होतं. प्रामाणिक दुकान.

आता पेनड्राइव्हचं. मी आधीच्या नोकरीत होतो तेव्हा तिथे एक फोल्डर होता, पिढ्यानपिढ्या या मशीनवरून त्या मशीनवर गेलेला, कोणी कधी केला कोणालाच माहीत नाही. त्यात डीजीईएसव्ही हे लॅपॅकमधलं समीकरणं सोडवणारं रूटीन होतं. कोणीतरी फाइल सुटसुटीत करायची म्हणून वरच्या सगळ्या कॉमेंट्स (वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपा) उडवल्या होत्या, नुसता कोड. मी शहाणपणा करून उत्तर आल्यावर तपासणी टाकली, म्हणजे ए गुणिले एक्स वजा बी (ए ही मॅट्रिक्स, एक्स उत्तर, बी समीकरणांची उजवी बाजू) काढून बघायचं की शून्याच्या जवळ येतंय का. येईना. शेकड्यात आकडे. तीन दिवस, पक्या, तीन दिवस मी कंपायलर बदलला, सिंगल-डबल प्रिसिजन (आकडे किती अंकांपर्यंत साठवतो ते) तपासलं, रांगा आणि स्तंभ उलटे तर जात नाहीयेत ना ते बघितलं (फोर्ट्रान मॅट्रिक्स स्तंभांप्रमाणे साठवतो, सी भाषेतून बोलावताना इथे हमखास घोळ होतो), साहेबांनी तर दुसरं सॉफ्टवेअर विकत घेऊ म्हणून कोटेशन पण मागवलं. चौथ्या दिवशी वैतागून नेटलिबवरून मूळ फाइल उतरवली, आणि कॉमेंटमध्ये स्वच्छ लिहिलेलं की ए हे इनपुटही आहे आणि आउटपुटही, बाहेर पडताना त्यात एल आणि यू हे फॅक्टर्स (ए फोडून केलेल्या दोन त्रिकोणी मॅट्रिक्स) असतात. म्हणजे रूटीन माझी मॅट्रिक्स खाऊन बसलेलं आणि मी त्या उष्ट्या मॅट्रिक्सने तपासणी करत होतो! उत्तर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. एक ओळ वाढवली, आधी ए ची कॉपी करून ठेवायची, संपलं.

म्हणून मी पेनड्राइव्हवर देत नाही. तू स्वतः नेटलिबवर जा, लॅपॅकमधून घे, कॉमेंट्ससकट घे आणि कोडच्या आधी कॉमेंट वाच. (लॅपॅक म्हणजे लिनपॅक आणि आइसपॅकचा वारस, पहिली आवृत्ती १९९२ ची.)

नावांना घाबरू नकोस, त्यात पद्धत आहे. जुन्या फोर्ट्रानमध्ये नाव सहा अक्षरांच्या वर जाऊ शकत नव्हतं म्हणून ती अशी आखडलेली. डी म्हणजे डबल, जीई म्हणजे जनरल, एसव्ही म्हणजे सॉल्व्ह. तुझ्यासाठी जीई नको, पीओ घे, पॉझिटिव्ह डेफिनिट, म्हणजे डीपीओएसव्ही. हे चोलेस्की (अशाच मॅट्रिक्स फोडायची पद्धत) करतं, काम जवळपास निम्मं, आणि मुख्य म्हणजे सपोर्ट विसरलास तर बऱ्याचदा तिथेच अडतं आणि इन्फो नावाच्या व्हेरिएबलमध्ये शून्यापेक्षा मोठा आकडा देऊन सांगतं की अमुक ठिकाणी गाडी रुतली. त्या आकड्यावरून तुला नोड शोधता येईल. नोडना नंबर नीट दिलेस तर मॅट्रिक्स पट्ट्यासारखी होते, मग पट्ट्यासाठीचं डीपीबीएसव्ही घे, मेमरी पण वाचेल.

पण 'बऱ्याचदा' लिहिलंय ते नीट वाच. राउंडऑफमुळे (आकडे ठरावीक अंकांत तोडल्यामुळे) शून्याच्या जागी कधीकधी बारीकसा पॉझिटिव्ह कचरा उरतो आणि इन्फो शून्यच राहतो. त्यासाठी कंडिशन नंबरचा (बारीक चूक उत्तरात किती पट फुगू शकते त्याचा) अंदाज घ्यायचा, डीपीओएसव्हीएक्स १ भागिले तो नंबर आरकॉन्ड म्हणून देतं. समजायला एक खेळ कर, हिल्बर्ट मॅट्रिक्स घे, म्हणजे आयव्या ओळीत, जेव्या स्तंभात १ भागिले (आय अधिक जे वजा १). १० बाय १० ला कंडिशन नंबर १० च्या १३ व्या घाताच्या आसपास जातो, डबलमध्ये तुझ्याकडे साधारण १६ अंक, म्हणजे भरवशाचे उरले जेमतेम तीन. १२ बाय १२ केलंस की तेही गेले. आणि प्रोग्राम मात्र पंधरा दशांश स्थळं छापत बसतो ऐटीत.

पायथॉनमध्येच करायचं असेल तर तेही चालेल, सायपाय या पायथॉनच्या गणिती पॅकेजच्या खाली हीच मंडळी आहेत. इंटिग्रेशनचं क्वाड म्हणजे क्वाडपॅक, डिफरन्शियल समीकरणांचं ओडीइंट म्हणजे अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबच्या ओडीईपॅकमधलं एलसोडा. त्यातला बराच जुना फोर्ट्रान आता सायपायवाले सी मध्ये उतरवतायत, पण घराणं तेच.

एक व्यवहाराचं. नेटलिबवर सगळंच एका लायसन्सचं नाही. लॅपॅक बिनधास्त वापर, बीएसडी छापाचं (मोकळं लायसन्स) आहे, पण टॉम्स नावाच्या फोल्डरमधलं काही घेतलंस तर तिथे एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेच्या अटी लागू होतात, व्यवसायासाठी वापरताना त्या आधी वाच. तू बिलं लावतोस लोकांना, उगाच भानगड नको.

आणि तुझा तो असेंब्लीचा, म्हणजे मेंबर मॅट्रिक्समध्ये जोडत जाण्याचा भाग, जो मला खरंच आवडला, तो तू लोकांना दे. तू म्हणालास अजून पॉलिश करायचाय, ते तू दोन हजार अठरापासून म्हणतोयस. पॉलिश राहू दे, वर कॉमेंट लिही, काय आत जातं, काय बाहेर येतं, कुठली ॲरे (आकड्यांची यादी) आत गेल्यावर तशीच राहत नाही, आणि काय जमत नाही ते (तिरका सपोर्ट तुझ्यात चालत नाही, बघितलं मी). सोबत एक बारकी टेस्ट, दोन नोडचा कॅन्टिलिव्हर (एक टोक पक्कं, दुसरं मोकळं असा बीम), मोकळ्या टोकाचं डिफ्लेक्शन पीएल घन भागिले थ्रीईआय (पी भार, एल लांबी, ईआय बीमचा वाकण्याविरुद्धचा ताठरपणा), हाताने काढलेलं उत्तर शेजारी. ती टेस्ट नसेल तर मी तरी तुझा कोड वापरणार नाही, दोस्ती असली तरी.

बाकी इकडे ठीक. आई विचारत होती तू दिवाळीला येणार का, तिने तुझ्यासाठी चकलीची भाजणी जास्तीची करून ठेवलीये. सोबत ७ नंबरचा सपोर्ट काढलेली इनपुट फाइल जोडतोय. डीपीओएसव्ही टाकून चालव आणि इन्फो किती आला तेवढं रात्री कळव, माझ्याकडे १९ आला.

तुझा,
बाळ्या